सुटकेच्या यादीत आपले नाव कोण लिहिणार?

जगात कुठेही युद्ध पेटले की आपल्याकडच्या टीव्हीवर एक ठरलेले दृश्य येते. हवाई दलाचे अजस्र सी-१७ विमान धावपट्टीवर उतरते, मागचे दार उघडते, हातात तिरंगा घेतलेली माणसे बाहेर पडतात. एखादा मंत्री गुलाबाचे फूल घेऊन उभा असतो. घोषणा होतात. मग दोन दिवस निवेदक सांगत राहतात की सरकारने आपल्या लेकरांना मृत्यूच्या दाढेतून ओढून आणले.

आम्ही या दृश्यावर हसणार नाही. आणणारे जवान खरोखर जीव धोक्यात घालून जातात. एप्रिल २०१५ च्या आसपास येमेनमध्ये एडन बंदराच्या भोवती गोळीबार चालू असताना आयएनएस सुमित्रा तिथे गेली आणि साडेतीनशेच्या आसपास भारतीयांना जिबूतीला घेऊन आली. ‘ऑपरेशन राहत’मध्ये ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक समुद्रमार्गे आणि हवाईमार्गे बाहेर निघाले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधल्या वादी सय्यिदना इथल्या धावपट्टीवर रात्रीच्या काळोखात, दिवे नसताना, हवाई दलाचे सी-१३० जे विमान उतरले आणि १२१ माणसे घेऊन उडाले. त्या ‘ऑपरेशन कावेरी’त एकूण ३,८६२ जण सुटले. युक्रेनच्या वेळी २०२२ मध्ये ९० विमानफेऱ्यांतून, त्यातल्या १४ हवाई दलाच्या, सुमारे २२,५०० लोक परत आले. ही कामगिरी छोटी नाही. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्या समाजाची आम्ही माणसे. वर्दीचा मान कसा ठेवायचा हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आमचा प्रश्न जवानाला नाही. जहाज किनाऱ्याला लागण्याआधी, विमान उडण्याआधी, कुठल्यातरी टेबलावर एक यादी तयार होते. कुणाला आणायचे, कुणाला आधी आणायचे, कुणाला नंतर बघू. जवान ती यादी करत नाही. ती यादी कोण करतो, आणि त्या यादीत आपले नाव येण्यासाठी काय लागते, एवढेच आम्ही विचारतो आहोत.

हा प्रश्न आजचा नाही. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले. त्याच्या आधी आणि नंतर ब्रह्मदेशातून भारतीयांची प्रचंड पळापळ झाली. जहाजे होती, विमानेही होती. पण ती आधी कुणासाठी होती? गोरे अधिकारी, त्यांची कुटुंबे, आणि ज्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे होते असे लोक. रंगूनच्या गोदीत ओझी वाहणारे, शहराचा मैला उपसणारे, ब्रह्मदेशाच्या शेतांत राबणारे तेलुगू, तमिळ आणि उडिया मजूर अराकानच्या आणि मणिपूरच्या डोंगरांतून पायी निघाले. चार-पाच लाख माणसे चालत आली. हजारो वाटेतच पटकीने, तापाने, उपासमारीने मेली. गोदी कामगार आणि सफाई कामगार निघून गेले तर शहर बंद पडेल, म्हणून सुरुवातीला त्यांना परत फिरवण्याचे प्रयत्नही झाले. म्हणजे ज्याच्यावाचून शहर चालत नाही, त्यालाच शहर सोडायची परवानगी नाही! गोऱ्यांसाठी एक वाट आणि काळ्यांसाठी दुसरी, ही तक्रार तेव्हा देशभर गाजली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते तेव्हा आपल्याच वणीच्या लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब मजूरमंत्री म्हणून त्या मंडळात गेले. परके सरकार होते, भेदभाव उघड होता, कातडीच्या रंगावर होता. त्यामुळे तो दिसत होता.

आता सरकार आपले आहे. संविधान आहे. विमानात बसताना कुणी जात विचारत नाही, हे आम्हीही मान्य करतो. पण विमानापर्यंत पोहोचायला काय काय लागते ते बघा. पासपोर्ट स्वतःच्या हातात हवा, मालकाच्या कपाटात नको. दूतावासाकडे नोंद हवी. मोबाइल, इंटरनेट आणि फॉर्म भरण्याइतके शिक्षण हवे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, गावाकडे कुणीतरी असे हवे की ज्याने फोन केला तर खासदार उचलतो. ही यादी जात विचारत नाही, पण जातीने ज्या ज्या गोष्टी हिरावून घेतल्या त्या सगळ्या विचारते. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टवर सरकारच ठरवते की आखाती देशांसारख्या ठिकाणी जाण्याआधी याची तपासणी व्हावी. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने ही सोय मजुराच्या रक्षणासाठी केली. म्हणजे हा माणूस जास्त धोक्यात आहे हे सरकारला आधीपासून माहीत असते. मग संकटाच्या दिवशी हाच माणूस यादीत पहिला का नसतो?

जून २०१४ ची गोष्ट आठवा. इराकमध्ये आयसिसने मुलूख जिंकायला सुरुवात केली. तिक्रितमध्ये केरळच्या ४६ परिचारिका अडकल्या आणि मोसुलमध्ये बांधकामावरचे मजूर, बहुतेक पंजाबचे. परिचारिका जुलैच्या पहिल्याच आठवड्यात खास विमानाने कोचीला उतरल्या. त्यांच्या सुटकेचा आम्हाला आनंदच आहे. त्याही कष्टकऱ्यांच्या लेकी, कर्ज काढून गेलेल्या. पण त्यांच्या मागे काय होते ते समजून घ्या. केरळचे सरकार दिल्लीच्या मागे हात धुऊन लागले होते. त्या राज्याने परदेशी गेलेल्या आपल्या माणसांसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र विभाग उभा केला आहे. पक्ष, संघटना, वर्तमानपत्रे, सगळे त्या ४६ जणींची नावे घेऊन ओरडत होते.

मोसुलच्या मजुरांच्या मागे ओरडणारे फक्त त्यांचे आईबाप होते. एक जण कसाबसा निसटून आला आणि त्याने सांगितले की बाकीच्यांना गोळ्या घातल्या. सरकारने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. जवळपास चार वर्षे घरच्यांना ते जिवंत असल्याची आशा दाखवली गेली. मार्च २०१८ मध्ये संसदेत सांगितले गेले की ३९ जण मेले आहेत. एप्रिलमध्ये हवाई दलाच्याच विमानातून ३८ जणांचे अवशेष अमृतसरला आले. नातेवाइकांना नोकरी आणि भरपाई देणार का असे विचारल्यावर केंद्रीय राज्यमंत्र्यांनी हे काही बिस्किटे वाटण्याचे काम नाही, असे उत्तर दिले. गरिबासाठी हवाई दलाचे विमान उडते, पण त्याच्या शवपेट्या आणायला.

हे परदेशात घडले म्हणून सोडून देऊ नका. आपल्या परभणीवरून जी रेल्वे जालना-औरंगाबादकडे जाते, त्याच रुळावर हेच घडले आहे. मे २०२० मध्ये युद्ध नव्हते, टाळेबंदी होती. पण सुटकेची यंत्रणा तीच होती. ७ मे रोजी ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमाने आखातातून केरळात उतरली. ८ मे रोजी नौदलाची आयएनएस जलाश्व मालदीवच्या माले बंदरातून ६९८ जणांना घेऊन कोचीकडे निघाली. ‘समुद्र सेतू’ या मोहिमेत नौदलाने ३,९९२ भारतीयांना असे आणले. आणि त्याच ८ मेच्या पहाटे करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, बहुतेक गोंड आदिवासी. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते रात्रभर रुळावरून चालले होते. थकून तिथेच झोपले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्यांचे मृतदेह गावी पोहोचवायला मात्र खास रेल्वेची सोय झाली. जिवंतपणी डबा मिळाला नाही, मेल्यावर मिळाला. मोसुल आणि करमाड यांत अंतर हजारो किलोमीटरचे आहे, पण वागणूक एकच.

‘समुद्रापलीकडून माणूस आणता येतो, तर जालन्यातून भुसावळला का पोहोचवता येत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर साधनांच्या कमतरतेत नाही. साधने होती. त्या १६ जणांचे नाव कुठल्याच यादीत नव्हते. कंत्राटदाराच्या वहीत मजुरीपुरते असेल, सरकारच्या वहीत नव्हते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात नोंदणी होती, प्रवास भत्ताही होता. कायदा कागदावर राहिला आणि माणसे रुळावर.

आता २०२३ च्या सुदानकडे वळू. तिथे अल फाशर शहरात कर्नाटकातले हक्की-पिक्की समाजाचे ३१ लोक अडकले होते. हक्की-पिक्की म्हणजे पक्षी पकडणारे. आपल्याकडच्या पारध्यांसारखा हा भटका समाज, कर्नाटकात अनुसूचित जमातीत आहे. जंगलतोड आणि शिकारबंदीने धंदा गेला तेव्हा हे लोक जडीबुटी आणि केसांची तेले घेऊन थेट आफ्रिकेत पोहोचले. पारध्याला गावकुसाबाहेरही टेकू न देणाऱ्या देशातले हे लोक स्वतःच्या हिमतीवर खंड ओलांडून गेले, याचे कौतुक कुठल्याही व्यासपीठावर झालेले आम्ही ऐकले नाही. अन्नपाण्यावाचून दिवस काढत असल्याचे त्यांचे म्हणणे बाहेर आले. सिद्धरामय्यांनी त्यांच्यासाठी जाहीर आवाज उठवला, तेव्हा परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी यात राजकारण आणू नका म्हणून त्यांना फटकारले. पुढे ते लोक परत आले, हे खरे. पण कर्नाटकात तेव्हा निवडणूक तोंडावर होती, हेही खरे. आदिवासींच्या जिवाबद्दल बोलणे म्हणजे राजकारण असेल, तर विमानतळावर फूल घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहणे काय असते?

आणि इस्रायल? ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ‘ऑपरेशन अजय’ सुरू झाले. विद्यार्थी, नोकरदार, व्यावसायिक परत आले. चांगले झाले. पण जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांत, हरियाणातल्या रोहतकला आणि उत्तर प्रदेशात लखनऊला सरकारी भरतीच्या रांगा लागल्या. पॅलेस्टिनी मजुरांची इस्रायलमधली कामे बंद झाली होती, त्यांच्या जागी फरशी बसवणारे, सळई बांधणारे, गिलावा करणारे हात हवे होते. महिना सव्वा लाखाच्या वर पगार सांगितला गेला. पुढे ही भरती महाराष्ट्रातही आली. जिथून एकाला बाहेर काढायला सरकारने विमान पाठवले, तिथेच दुसऱ्याला आत पाठवायला सरकारनेच मांडव घातला. मार्च २०२४ मध्ये तिथे शेतावर काम करणारा केरळचा एक तरुण क्षेपणास्त्राने मेला. आणि जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष भडकल्यावर पुन्हा ‘ऑपरेशन सिंधू’ काढावे लागले. कुणी म्हणेल, लोक स्वखुशीने गेले. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याच्या स्वखुशीची किंमत बाबासाहेबांच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. आर्थिक गुलामी असेल तिथे संमतीचा कागद सही घेऊनही कोराच असतो.

सुटका झाली म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. युक्रेनहून आलेल्या मुलांचे काय झाले? त्यात मराठवाड्यातलीही मुले होती. इथल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची फी परवडत नाही म्हणून जमीन गहाण टाकून गेलेली. खारकिव्हवर बॉम्ब पडत असताना एका केंद्रीय मंत्र्याने सांगितले की परदेशात शिकलेल्यांतले ९० टक्के इथली पात्रता परीक्षा नापास होतात. मुले बंकरमध्ये, आणि इकडे त्यांच्या ‘गुणवत्ते’चा पंचनामा! गुणवत्तेचा हा सूर आपल्याला ओळखीचा आहे. आरक्षणाच्या विरोधात आपण तो दररोज ऐकतो. मुले परत आल्यावर त्यांना इथल्या महाविद्यालयांत सामावून घ्यायला केंद्राने सर्वोच्च न्यायालयात नकार दिला. विमानतळापर्यंत ती ‘देशाची लेकरे’ होती, विमानतळाच्या बाहेर ती पुन्हा कर्जबाजारी बापाची लेकरे झाली.

यावर आम्हाला सांगितले जाईल की देश एवढा मोठा, सगळ्यांना कसे आणणार? आणून दाखवले आहे! २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान होते. १३ ऑगस्टपासून एअर इंडियाने अम्मानहून फेऱ्या सुरू केल्या आणि दोन महिन्यांत लाखाच्या वर, सुमारे पावणेदोन लाख भारतीय आणले. त्यात हजारो साधे मजूर होते. हा देश तेव्हा आजच्यापेक्षा किती तरी गरीब होता. याच व्ही. पी. सिंहांनी त्या वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न दिले, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या आणि ७ ऑगस्टला मंडल आयोग जाहीर केला. त्यांच्या नावाने प्रस्थापितांनी बोटे मोडली आणि सुटकेचे श्रेयही पुसले. २०१६ मध्ये ‘एअरलिफ्ट’ सिनेमा आला तो एका काल्पनिक श्रीमंत व्यापाऱ्याला तारणहार करून. मजूर त्यात गर्दी म्हणून उभे. इतिहास कुणाच्या हातात आहे, याचे आणखी उदाहरण कशाला हवे?

आणि कुणी म्हणेल, सरकारला गरीब वस्त्यांतली माणसे सापडत नाहीत, त्यांची नोंद ठेवणे अवघड असते. हे परभणीत येऊन सांगू नका. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर आपल्या वस्त्यांत धरपकड झाली. तेव्हा यंत्रणेला घरे सापडली, माणसे सापडली. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी सापडला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले, आणि तो आदेश टिकवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत. म्हणजे आपली नावे शासनाला ठाऊक आहेत. आरोपीच्या यादीत ती चटकन चढतात. सुटकेच्या यादीत मात्र शोधूनही सापडत नाहीत.

म्हणून आमची मागणी दयेची नाही. संविधानाचे कलम २१ जगण्याचा हक्क देते, कलम १४ समानता देते. पण संघर्षक्षेत्रातून नागरिकाला सोडवण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. सगळे सरकारच्या मर्जीवर चालते, म्हणूनच दर वेळी त्याचा सोहळा होतो. हक्काचा सोहळा करता येत नाही, उपकाराचा करता येतो. सुटकेचा कायदा झाला पाहिजे, त्यात आजारी, लहान मुले आणि पासपोर्ट हिरावलेले मजूर यांचा क्रम लिहिलेला असला पाहिजे. परदेशातल्या भारतीयांसाठी २००९ पासून कल्याण निधी आहे. तो दूतावासांच्या सेवाशुल्कातून, म्हणजे त्याच माणसांच्या पैशातून भरतो. त्यातला किती मजुरांवर खर्च झाला हे देशवार जाहीर झाले पाहिजे. ज्या देशात युद्ध चालू आहे तिथे सरकारी भरती बंद झाली पाहिजे. आणि जिल्हाधिकारी कार्यालयात परदेशी आणि परराज्यात गेलेल्या प्रत्येक कामगाराची नोंद असली पाहिजे, मग तो दुबईच्या इमारतीवर असो की कर्नाटकातल्या उसाच्या फडात.

पण मित्रांनो, मागणी करून हात जोडून बसणारी चळवळ आपली नाही. केरळच्या परिचारिका सुटल्या कारण त्यांची नावे घेणारे संघटित होते. मोसुलचे मजूर विसरले गेले कारण त्यांच्या मागे संघटना नव्हती. यादी वरून येत नाही, खालून दाबाने तयार होते. मग ती आपणच लिहू. गंगाखेड, जिंतूर, पाथरी, सोनपेठ, सेलू, मानवत, पूर्णा, पालम, परभणी, प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवा. वस्तीतले कोण कुठल्या देशात, कुठल्या राज्यात, कुठल्या मुकादमाकडे, कुठल्या कंपनीत आहे, पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे, घरचा फोन कोणता, हे त्यात लिहा. बौद्ध वस्तीपुरते थांबू नका. मातंग, वडार, पारधी, बंजारा, मुस्लिम, गावातला जो जो पोटासाठी बाहेर पडला आहे त्याचे नाव लिहा. दर सहा महिन्यांनी ती यादी निवेदनासोबत तहसीलला द्या आणि पोच घ्या. शिकलेल्या पोरापोरींनी बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची दूतावासातली नोंदणी जाण्याआधी करून द्यावी. हे काम मोर्चाइतके गाजत नाही, पण उद्या कुठे बॉम्ब पडला तर हीच वही टेबलावर आपटून आपण विचारू शकू की ही आमची माणसे, यांचे विमान कुठे आहे?

पुढचे युद्ध कुठे होईल ते आपल्या हातात नाही. तिथे आपली माणसे असतील एवढे नक्की, कारण भूक त्यांना तिथे घेऊन जाणारच आहे. त्यांना आणायला जाणारे विमान या देशाच्या तिजोरीतून उडते आणि त्या तिजोरीत आपल्याही घामाचा पैसा आहे. ते मागायला आपण लाजायचे कारण नाही.

जय भीम! जय संविधान!